जंबेरीच्या वाफ्याला एक तांब्या

मी अकोल्याच्या जुन्या शहरातली. लग्न होऊन शेंदूरजनाघाटला आले, तर घरामागे अंगण नाही, नर्सरी! संत्र्याची कलमं व्हायची ती जंबेरीच्या, म्हणजे एका रानलिंबाच्या, रोपांवर. त्यातही कामं वाटलेली. रोपाला काप देऊन संत्र्याचा डोळा बसवायचा पुरुषांनी. निंदायचं, पाणी घालायचं अन् मागे बसून त्या डोळ्यावर पट्टी बांधायची बायकांनी. मला मात्र चाकूच चालवायचा होता.

रोज टुमणं लावलं, तेव्हा कुठे मामाजी, म्हणजे माझे सासरे, वैतागून म्हणाले, "हा एक वाफा तुह्या हवाली. रोपं जगवून दाखव, मंग पाहू."

रोपं बोटभर झाली अन् माना टाकू लागली. आज या कोपऱ्यात, उद्या त्या. एक उपटून पाहिलं, तर मातीलगतचं खोड काळं, मऊ पडलेलं. बुरशी! पण पाणी तर मी बेतानंच देत होते. मग वाफ्यात हा चिखल कुठून?

सकाळी कडुलिंबाआड बसून पाळत ठेवली. आधी सासूबाई आल्या, तांब्याभर पाणी ओतून गेल्या. मग नवरा. मग खुद्द मामाजी, झारी घेऊन!

"कावून ओतून राहिले हो तुमी सगळे?" मी ओरडलेच.

मामाजी चपापले. "सुकून राहिले होते ना व. म्हटलं, पोरीचा वाफा जाईन."

आता यांच्यावर चिडावं की हसावं! या घरात माणूस असो की रोप, मान टाकली की आधी पाणी पाजणार.

मेलेली रोपं मातीसकट काढून जाळली, पाणी निघायला चर खणला, मोरचूद-चुन्याचं निळं पाणी मुळाशी दिलं. भोवती बोरीचे काटे लावले अन् सगळ्यांना दम भरला, "आत पाय टाकला तं माह्यासारखं वाईट कोणी नाही!" सासूबाई तरी भरला तांब्या घेऊन काट्यांपाशी घुटमळायच्याच.

अर्धा वाफा गेला. उरलेला मात्र असा तरारला, की येणारा-जाणारा थांबून पाहायचा.

पुढच्या थंडीत त्याच रोपांवर डोळे बांधायची वेळ आली. जगलेला वाफा अर्धाच, म्हणून मी गुपचूप पट्ट्या उचलल्या. मामाजींनी त्या माझ्या हातातून काढून घेतल्या, चाकू दिला अन् गुडघे धरत माझ्यामागे, बायकांच्या जागेवर बसले.

"तू काप देत चाल," म्हणाले, "मी बांधतो."

मला इतका आनंद झाला, की पहिला काप वाकडाच गेला. त्यांनी तोही बांधला.