पार्बतानं मुंग्यांना घातलेलं पीठ

शेतकी ऑफिसच्या पायरीवर बसून मी फोन लावतच होतो, तर फोनच वाजला. पोरगी होती, बेल्लमपल्लीहून. म्हणाली, "बाबा, आई गेली..." माझ्या हातात प्लास्टिकची पिशवी होती, तिच्यात भेंडीची एक फांदी, पांढऱ्या किड्यांनी गच्च भरलेली. ती साहेबाला दाखवून मी नुकताच बाहेर आलो होतो. साहेबानं जे सांगितलं तेच पार्बताला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगायला फोन लावत होतो. सांगायचं एवढंच होतं की तुझी चूक नव्हती, माझी होती. थोडा आधी बाहेर आलो असतो तर... पण नाही आलो. आता सव्वा महिना होऊन गेला.

आम्ही भाजीपाला पिकवणारी माणसं, गुडीहत्नूरजवळ रस्त्याला लागून आमचं रान. पार्बताचं माहेर बेज्जूरकडचं, जंगलातलं. लग्न होऊन आली तेव्हा तिकडून जास्वंदीची एक फांदी घेऊन आली, आणि तिचं पुढं सगळं कुंपण केलं तिनं. गावातली कोणती पोरगी सासरी निघाली की तिच्या ओटीत नारळाबरोबर जास्वंदीची फांदी घालायची. म्हणायची, "नारळ खाल्ला का सरला. हे नाही सरत." आणि रोज सकाळी कुंपणाच्या बुडाशी मुंग्यांना मूठभर पीठ. मी चिडवायचो, "याच मुंग्या एक दिवस तुले खांद्यावर नेतीन." तर म्हणे, "नेऊ द्या ना. तुमच्यानं तं आता भाजीचं टोपलंबी नाही उचलत."

एका हिवाळ्यात जास्वंदीच्या दांड्यावर पांढरं पांढरं दिसायला लागलं. मुंग्यांची रांग त्याच्यावरून वर जाई, खाली येई. पार्बतानं मला हाक मारली, "अवो, पाहा तं! माह्यं पीठ झाडावर चढवून राह्यल्या. वर कोठी बांधली का काय यायनं?" मी पाहिलं, हसलो आणि मोटर चालू करायला गेलो. जन्मभर भाजी पिकवणारा माणूस मी, पण बोट लावून पाहिलं नाही. ती तर किती खूश! आपलं पीठ मुंग्यांनी साठवून ठेवलं म्हणून शेजारणींना बोलावून दाखवलं. त्या लग्नसराईत त्याच कुंपणाच्या फांद्या ओट्यांमधून घरोघरी गेल्या.

उन्हाळ्यात माझी भेंडी गेली. पानं आवळलेली, चिकट, वरून काळी पडलेली, आणि देठाला तेच पांढरं पीठ. ते पीठ नव्हतं, किडे होते. फवारा मारला की आठ दिवस बरं, मग पुन्हा तेच. दुसऱ्यांच्या रानातही दिसायला लागलं. एक दिवस भर बाजारात कोणीतरी विचारलं की हा रोग आला कुठून. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "माह्या घरच्या बाईनं वाटला. पीठ घालू घालू पाळला तिनं!" लोक हसले. पार्बता शेजारीच बसली होती, टोपल्यातली वांगी उगाच खालीवर करत. घरी येऊन मी कुऱ्हाड घेतली आणि कुंपण तोडलं. ती एवढंच म्हणाली, "मुळं तरी राहू द्या." मी मुळंही काढली. त्यानंतर तिनं मुंग्यांना पीठ घातलं नाही. गावात लग्नं झाली, ती ओटी भरायला गेली नाही. पुढं दम लागायला लागला तेव्हा पोरीनं दवाखान्यासाठी तिला आपल्याकडं नेलं. माझ्या बोलण्यानं ती मेली असं मी म्हणत नाही. डॉक्टरनं छातीचा आजार सांगितला होता. पण त्या बाजाराच्या आधीची बाई मला ठाऊक होती, नंतरचीही ठाऊक होती.

जास्वंद नाही तरी यंदा भेंडी पुन्हा पांढरी झाली. म्हणून मी फांदी घेऊन साहेबाकडं गेलो. तेलुगू माणूस, मला ताता म्हणतो, म्हणजे आजोबा. त्यानं उलट मलाच विचारलं, "ताता, उन्हाळ्यात रान रिकामं ठेवता?"

"बोअर हाय ना साहेब, रिकामं काऊन ठेवू?"

"आणि बांधावरचं गाजरगवत?"

"ते कोन काढते?"

मग त्यानं समजावलं. हा किडा आपल्याकडचा नाही, बाहेरून आला. त्याच्या अंगातून गोड पाणी निघतं, त्यासाठी मुंग्या त्याला राखतात, गवळ्यानं ढोरं राखावी तसं. त्याला खाणारे किडे हाकलतात, त्याची पिलं या झाडावरून त्या झाडावर नेतात. पण मुंग्यांनी नेलं तरी तिथं जगायला तर पाहिजे! पहिले आमच्याकडं असं हिव पडायचं की वांगी तोडायला बोटं उघडत नव्हती. तसल्या हिवात हा वाढत नाही, जोराच्या पावसात धुऊन जातो, उन्हाळ्यात हिरवं नसलं की उपाशी मरतो. आता हिव नावालाच आहे, पाऊस मधेच महिना महिना दडी मारतो, आणि बाराही महिने भेंडी-वांग्याचं ताट मी त्याच्यापुढं वाढून ठेवलेलं. भेंडी नसली की बांधावर गवत आहेच. साहेब म्हणाला, "जास्वंदीवर होता, ते खरं. फांदीबरोबर गेलाही असेल. पण जास्वंद नसती तरी आला असता. तुम्हीच त्याला जाऊ देत नाही, ताता."

बेल्लमपल्लीलाच तेरवी झाली, मग पोरीच्या क्वार्टरमागं हात धुवायला गेलो. तिथं तेलाच्या पत्र्याच्या डब्यात जास्वंद लावलेली. पोरगी म्हणाली, "आईनं लावली. रोज साबणाच्या पाण्यानं एकेक पान पुसत होती. दम लागे, खाली बसे, परत पुसे. मी म्हटलं, काऊन वो एवढं? तं म्हणे, माह्या हातानं आता कोनाच्या रानात काही जाऊ नये."

डब्याच्या वर भिंतीतल्या खिळ्याला तिच्या लुगड्याचं फडकं वाळून कडक झालेलं. मी पानं उलटून पाहिली, सगळी. एकही किडा नव्हता. पोरगी म्हणाली, "घेऊन जा, बाबा." पण नेऊ कुठं? माझ्या रानात ते झाड पंधरा दिवस स्वच्छ राहणार नाही. फडकं भिजवलं, एक पान पुसलं, दुसरं पुसलं... आणि डबा तिथंच ठेवून बस पकडली.