रेणूपुरत्या बांगड्या

“चला, बिडकीनची गाडी सुटली,” असं म्हणत मावशी रेणूची दोन्ही पावलं आपल्या पावलांवर ठेवायच्या आणि मागून तिला धरून चालायला लागायच्या.

रेणूला दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. जनुकांतलाच दोष, शरीराचा तोलही त्यानंच नेलेला.

“मावशी, तिला ऐकू येत नाही,” मी सांगायचे. अशा मुलांच्या केंद्रातली फिजिओथेरपिस्ट मी, पदवीचा तोरा होताच.

“कानाला नसंल येत. पायाला येतंय की.”

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, नेमलेलं काम एक आणि करतात भलतंच. मावशींना झाडलोटीला ठेवलं होतं. पण सात वर्षांची रेणू माझ्याकडे नुसती किंचाळायची, त्यांच्याकडे उभी राहायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, या वर्षात चालली नाही तर गुडघे आखडतील, मग जन्मभर बसणं. दिवाळीपर्यंत मावशींनी तिला आपल्या पावलांवरून जमिनीवर उतरवली. त्यांची मनगटं धरून ती अकरा पावलं चालली. मला आनंद झाला आणि थोडा हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू?

मग मावशींचे यजमान गेले. तेरावं उरकून त्या आल्या तेव्हा हात मोकळे, केस कोरडे. आमची मुलं माणूस ओळखतात ते हाताला लागणाऱ्या खुणेवरून. माझी खूण घड्याळ, मावशींची बांगड्या. रेणूनं मनगट चाचपलं, केस हुंगले आणि मावशींना ढकलून दिलं. बसली ती बसलीच. तीन आठवडे. बाईच्या बांगड्या कधीही फुटू शकतात, हे खूण ठरवताना मला सुचलं नव्हतं.

“तिला काय कळतंय ताई, नवरा मेला म्हंजी काय,” मावशी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून हिरव्या बांगड्या आणल्या. केंद्रातच केसांना तेल लावून त्या भरल्या, घरी जाताना उतरवल्या. रेणू उभी राहिली.

पंधराएक दिवसांनी त्यांचे दीर कसल्याशा सहीसाठी केंद्रात आले. त्यांनी हात पाहिले. ओरडले नाहीत. “घरी चला, वैनी,” एवढंच म्हणाले.

मावशी परत आल्या नाहीत. रेणू पुन्हा खाली बसली. शेवटी मी बिडकीनला त्यांच्या घरी गेले. मावशींनी दारातच रुमालात बांधलेल्या बांगड्या माझ्या हातात कोंबल्या.

“मला नाय सोडत, ताई. तुमी घाला. केसाला खोबऱ्याचं तेल लावा. घड्याळ काढून ठेवा. लेकरू बसून ऱ्हायलं नाय पायजे.”

मी घातल्या. रेणूनं मनगट चाचपलं, केस हुंगले आणि चालायला लागली. चौदा पावलं. मग वळून तिनं माझ्या पोटाशी तोंड घासलं. हे ती फक्त मावशींशी करायची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता ती रोज चालते. मावशी येत नाहीत, हे तिला कळलेलं नाही. तिच्या लेखी घड्याळवाली बाई गेली.