फेस धुवूचो नाय

अस्वच्छतेचा इतका द्वेष करणारा आणि इतक्या डागाळलेल्या सदऱ्यात वावरणारा दुसरा माणूस अख्ख्या सिंधुदुर्गात सापडायचा नाही, हे मी कुठेही उभी राहून सांगेन. हे माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. त्यांच्या सदऱ्यावर जांभळाचे डाग आहेत, करवंदांचे आहेत, आणि काजूच्या बोंडांचे डाग तर इतके मुरलेले आहेत की कापड मागाहून आलं असावं असं वाटतं. पण त्यांच्या वाइनच्या बरणीला तुम्ही नुसतं बोट लावून बघा. ते बोट मग थोडा वेळ तुमचं राहत नाही. आतोबा ते हातात घेतात, कंबरेला अडकवलेल्या बाटलीने त्यावर फवारा मारतात, निथळू देतात आणि मगच मालकाला परत करतात.

उभा जन्म जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढून ते पिंगुळीच्या पुढे आपल्या गावी परतले. जहाजावर आरोंद्याचा एक आचारी त्यांचा जिवलग होता. मनुकांची वाइन करायला त्यानेच शिकवलं. गावात मनुका कुठल्या, पण परसात जांभळीची झाडं होती, आणि दर वर्षी निम्मी फळं जमिनीवर सडत होती. तेव्हापासून आतोबा घरच्यापुरती वाइन करतात. त्यांचं ब्रीद असं: "विकूची नाय, लपवूची नाय आणि घाणेरड्या हातान ढवळूची नाय." आम्हां ऐकणाऱ्यांना वाटायचं, घाणेरडा म्हणजे मळलेला. छे! मळ हा त्यांच्या लेखी किरकोळ शत्रू. "दिसता ती घाण कोणय काडीत. दिसना नाय, ती काडूक व्हयी," असं म्हणत ते हवेत बोट नाचवायचे, जणू जंतूंची एक बोटच बंदराला लागते आहे.

या न दिसणाऱ्या शत्रूसाठी त्यांच्याकडे एक औषध होतं. ते मुंबईहून कुरिअरने यायचं. आधी भांडं नेहमीसारखं घासून धुवायचं. मग बादलीभर पाण्यात थोडंसं औषध घालून त्यात बरणी, रबरी नळी, बूच असं सगळं बुडवायचं, बाहेर काढून निथळवायचं, आणि मग काहीही करायचं नाही. पाण्याने विसळायचं तर मुळीच नाही. फेस राहिला तर राहू द्यायचा, तो पोटाला अपाय करत नाही. उलट विसळायला गेलं की पाण्यातले जंतू परत आत जातात आणि केलेलं सगळं फुकट. "फेस धुवूचो नाय" हे वाक्य आतोबा इतक्या वेळा म्हणायचे की अंगणातला कुत्रा ते ऐकून उठून बसायचा.

सुरुवातीला हे औषध बरण्यांपुरतं होतं. पुढे त्याचं राज्य वाढलं. भजनी मंडळी घरी आली तर झांजांवर फवारा बसला, आणि त्या संध्याकाळी पहिला अभंग बुडबुड्यांसकट झाला. कुडाळच्या आठवडा बाजारात त्यांनी एका मासेवालीच्या सुरीवर फवारा धरला, तेव्हा ती म्हणाली, "अवो, ह्यो बांगडो जल्मभर पाण्यात रवलो, तेका आनी कित्याक न्हाणयतास?" आतोबा म्हणाले, "तेका नाय गो, तुज्या सुरयेक." ती म्हणाली, "मगे सुरी तुमच्यारच चलवन बघतंय, निर्जंतुक झाली काय ती!" आतोबांनी बांगडे घेतले, न कापता.

आणि एवढं करून त्यांची वाइन दर वर्षी आंबायची. आंबायची म्हणजे तिचं शुद्ध व्हिनेगर व्हायचं. दिवाळी सरली की आरोंद्याचे ते दोस्त कोलंबीच्या सुक्या सोड्यांची पुडी घेऊन चव बघायला यायचे. पेला तोंडाला लावायचे, डोळे मिटायचे, पेला हळूच खाली ठेवायचे आणि आत्याला म्हणायचे, "वयनी, औंदा पण सोलां वाचली." कारण आत्या काही वाया जाऊ देणारी नव्हती. आमसुलांऐवजी ती तीच वाइन माशांच्या आमटीत घालायची. त्या घरची बांगड्याची आमटी वर्षानुवर्षं जांभळट होती, आणि खरं सांगायचं तर फार चवदार.

आतोबांनी बुचांवर संशय घेतला, चिलटांवर घेतला, साखरेवर घेतला, एका शेजाऱ्याच्या नजरेवरही घेतला. औषधावर कधी घेतला नाही. शेवटी एका वर्षी जांभळं अजून पिकायची होती तेव्हा ते मला म्हणाले, "बाय, औंदा आंबली तर सगळ्यो बरण्यो लोणच्याक दितलंय. मगे मी आनी हो ओटो." त्यांच्या वयाची गावातली बरीच माणसं त्या वाटेने गेली होती. सकाळी ओट्यावर बसायचं, रस्त्याने कोण गेलं ते बघायचं, संध्याकाळी उठायचं. आतोबांना ओट्याची भीती होती. वाइनच्या निमित्ताने ते झाडावर चढत होते, हिशेबाने साखर जोखत होते, दोस्ताची वाट बघत होते. बरण्या लोणच्याला गेल्या असत्या तर त्यांच्याबरोबर आतोबाही फडताळात गेले असते.

मी तेव्हा काही दिवस त्यांच्याकडे राहत होते. बरण्यांची पहिली धुलाई चालली होती. आतोबांनी औषधातून काढलेल्या बरण्या विहिरीपाशी धुण्याच्या पाथरीवर उपड्या घातल्या आणि ते नळी आणायला आत गेले. इतक्यात मागच्या दाराने आत्या आली. तिने पदर खोचला, कळशीतलं विहिरीचं पाणी एका बरणीत ओतलं, गरागरा फिरवून ओतून टाकलं, पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं, आणि बरणी होती तशी उपडी घातली. तिचा हात इतका सराईत होता की हे आजचंच आहे का, हे विचारायची गरजच नव्हती.

"आत्ये, काय करतंस?"

"विसळतंय. भांड्यात साबण तसोच ठेवतत. बापयांक काय कळता?"

"अगं, साबण नाही तो."

"फेस येता मा? मगे साबण." मग दुसऱ्या बरणीत पाणी ओतता ओतता ती हळू आवाजात म्हणाली, "मुंबयेक तेंचा पोट फाडलेला, तेवा तू ल्हान. दाराभायर मी एकटीच बसलेलंय. परत तेंच्या पोटात असला काय जावक नको. तू सांगा नको हां तेंका."

मी सांगणार नाही म्हणाले, आणि लगेच अडचणीत आले. बोलावं तर आत्याचा शब्द मोडतो, गप्प राहावं तर आतोबांची शेवटची वाइन आंबते. मला राग आला तो दोघांचाही नाही, त्या औषधाच्या बाटलीचा. वर सगळी माहिती इंग्रजीत, बारीक अक्षरात. ज्या घरात भांडी घासणारी मराठीच वाचते, त्या घरात शिरताना त्या भाषेत एक ओळ लिहायला काय धाड भरली होती? हे मी आजही म्हणेन. माझे आजोबा, म्हणजे आत्याचे वडील, दारूबंदीची पत्रकं छापून गावोगाव वाटायचे. त्या पत्रकांच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. खरं ते साध्या भाषेत लिहून भिंतीवर लावलं की माणसं बदलतात, यावर माझी श्रद्धा. म्हणून मी बाटलीवरची माहिती मराठीत उतरवली, वर मोठ्या अक्षरात लिहिलं, "फेसाला भिऊ नका," आणि न्हाणीच्या दारावर चिकटवलं.

आत्याने चष्मा लावून ते पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. "बरा लिवलंस," ती म्हणाली, "अगदी बाबांसारख्या. बाबांनी पण दारूर केदा लिवल्यानी! आनी माजा लगीन कोणाबरोबर झाला बघ." आणि कळशी घेऊन विहिरीकडे गेली.

पत्रकाचा परिणाम झाला, पण भलत्याच वाचकावर. संध्याकाळी आतोबा त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "बाय, ह्या घरात आमी माणसां दोन. मी तर फेसाक भियणंय नाय." त्यांनी विहिरीकडे बघितलं. पाथरीजवळ आत्याची कळशी होती. आता भांडण होणार, एवढ्या वर्षांच्या आमटीचा हिशेब निघणार, या तयारीने मी उभी होते. आतोबा एवढंच म्हणाले, "असां काय!" आणि ओट्यावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी, जन्मात कधी विहिरीचा दोर न धरलेल्या आतोबांनी पाणी काढलं. न्हाणीतला हंडा भरला आणि पाणी खळखळेपर्यंत जाळ घातला. झाकण ठेवून ते निवू दिलं. आत्याच्या स्टीलच्या कळशीला आतून औषध लावलं, निथळवलं, त्यात उकळलेलं पाणी भरलं आणि कळशी पाथरीवर जिथल्या तिथे ठेवून दिली. मग बरण्या उपड्या घातल्या आणि नळी आणायला म्हणून आत गेले.

आत्या आली. तिने कळशीला हात लावला आणि थांबली.

"आज पाणी तुमी काडल्यात?"

"डाक्टरान व्यायाम सांगलो हा," आतून उत्तर आलं.

"आनी ह्या कोमट कसा?"

"बावीत ऊन पडता मा!"

आत्याने वर बघितलं. विहिरीवर फणसाची एवढी दाट सावली आहे की भर दुपारीही तिथे ऊन उतरत नाही. मग पदर खोचून तिने बरणी विसळायला घेतली, नेहमीपेक्षा जरा सावकाश.

त्या वर्षी आरोंद्याचे दोस्त आले, पेला तोंडाला लावला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मग म्हणाले, "वयनी, औंदा सोलां इकत घेवची लागतली." आतोबा एकदम उठून अंगणात गेले आणि कुत्र्याशी काहीतरी बोलत राहिले. आत्या माझ्याकडे वळून म्हणाली, "बघलंस? मी कदीपासून सांगतंय, नीट विसळला की सगळा बरा जाता." अंगणातून आतोबांचा आवाज आला, "तां मात्र खरां हां!" तिला काय कळलं होतं आणि काय नाही, हे मी अजून विचारलेलं नाही. आता विचारणारही नाही.

हल्ली आत्या मुंबईला असते. मुलीला बाळ झालं म्हणून थोड्या दिवसांसाठी गेली, आणि थोडे दिवस लांबत गेले. आतोबा फोनवर बाळापेक्षा बाळाच्या दुधाच्या बाटलीची चौकशी जास्त करतात. परवा जांभळाच्या दिवसांत मी त्यांच्याकडे गेले, तर ते पाथरीवर एकटेच होते. बरण्या औषधातून काढून उपड्या घातलेल्या, काठांवर पांढरा फेस. न्हाणीच्या दारावर माझं पत्रक अजून होतं, अक्षरं विटलेली. आता विसळणारं घरात कोणी नव्हतं. शास्त्राप्रमाणे काम संपलं होतं.

आतोबांनी निवालेल्या पाण्याची कळशी उचलली, एक बरणी सुलटी केली, पाणी ओतलं आणि गरागरा फिरवलं.

"आतोबा, फेस धुवूचो नाय ना?"

"धुवूचो नाय," ते मान वर न करता म्हणाले. दुसरी बरणी घेतली, तिच्यात पाणी ओतलं. "पण बरण्यांक सवय झाली हा गो."