डॉक्टरांची पॉलिसी बंद करताना

रत्नागिरीत एका विमा कंपनीच्या शाखेत मी आवक-जावक सांभाळायचे, तेव्हाची ही हकीकत. मूळची मी मंडणगडची. वडील प्राथमिक शिक्षक. आमच्या बौद्धवाडीत कोणालाही सरकारी कागद आला की तो वाचून घ्यायला माणसं आमच्याच ओटीवर यायची. त्यामुळे लेखी आलेलं खरं आणि लेखी दिलेलं पक्कं, ही माझी लहानपणापासूनची समजूत. विमा कंपनीतही ती बारा वर्षं टिकली. मग बंदराच्या रस्त्यावरच्या डॉक्टरांची पॉलिसी बंद करायचं काम माझ्याकडे आलं.

पॉलिसी साधी होती. डॉक्टरच्या हातून उपचारात चूक झाली आणि पेशंट कोर्टात गेला, तर भरपाई कंपनीने द्यायची. हे डॉक्टर पंच्याहत्तरी ओलांडलेले. उभा जन्म मच्छीमारांच्या वस्तीत दवाखाना चालवला, त्यांच्यावर एकही दावा नाही. पण वरच्या कार्यालयात कोणीतरी वयाची एक रेघ मारली आणि रेघेपलीकडचे डॉक्टर यापुढे नकोत असं ठरलं. नियमाप्रमाणे अशा डॉक्टरला मुदत संपण्याच्या तीस दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागे. नोटिशीत कारण हवं आणि ती पोचल्याचा पुरावा हवा.

आम्ही ती कुरिअरने पाठवली. दिवस आंब्याचे. त्या दिवसांत आमच्याकडच्या कुरिअरवाल्याला आंब्याच्या पेटीखेरीज दुसरं काही दिसत नाही. आमचं पाकीट पंधरा-वीस दिवस पेट्यांखाली पडून राहिलं आणि ‘पत्ता सापडत नाही’ असा शेरा घेऊन परत आलं. शेरा खोटा नव्हता. पॉलिसीवर जुन्या दवाखान्याचा पत्ता होता आणि तो दवाखाना रस्ता रुंद करताना पाडला होता. नवा दवाखाना समोरच्याच बाजूला, वीस पावलांवर.

आमचे शाखाधिकारी नागपूरकडून बदलून आलेले. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. त्यांनी कॅलेंडरवर बोटाने दिवस मोजले आणि त्यांचा चेहरा उतरला.

“मॅडम, नोटीस द्यायला चारच दिवस आहेत आपल्या हातात. तुम्ही स्वतः जा. पत्र हातात द्या, आपल्या प्रतीवर सही घ्या, परत या. यात काय अवघड आहे?”

दवाखान्यात कंपाउंडर बाई होत्या. डॉक्टरांकडे त्यांची तीस वर्षं गेलेली. मी पाकीट पुढे केलं, तर त्यांनी माझ्या हातात चौदा नंबरचा पत्र्याचा बिल्ला ठेवला.

“मी पेशंट नाही हो,” मी म्हटलं.

“मग पेशंट संपेपर्यंत थांबावं लागेल. नंबर घेतलास तर लवकर सुटशील.”

मी नंबर घेतला. पाऊण तासाने आत गेले आणि तोंड उघडायच्या आत डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला.

“काय गो, एवढं प्रेशर? कुठे नोकरीला आहेस?”

मी कंपनीचं नाव सांगितलं. त्यांनी मान डोलावली, दोन गोळ्या लिहून दिल्या आणि मग पत्र उघडलं. चार पानी इंग्रजी पत्र. चष्मा वर-खाली करत त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं.

“यात कारण कुठे आहे?”

मी तिसऱ्या पानावरचं वाक्य दाखवलं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, “याचा अर्थ सांग.”

मला सांगता येईना. ते वाक्य बारा वर्षं मी पाकिटात घालत आले होते, पण अर्थ कोणी विचारला नव्हता.

“हे बघ,” डॉक्टर म्हणाले, “पेशंटला टाका घालायचा असेल तरी त्याला समजेल अशा भाषेत सांगायचं आणि मगच सही घ्यायची. ही अट तुमच्याच पॉलिसीत आहे. मी ती पाळतो. तुम्हीही पाळा. मराठीत करून आण.”

रविवार धरून दोन दिवस मी ते भाषांतर करत बसले. ‘जोखीम-स्वीकृतीविषयक धोरणात्मक विचारांमुळे’ इथपर्यंत पोचले आणि मला स्वतःचा अभिमान वाटला. साहेबांना अर्थ कळला नाही, तरी “वजनदार झालंय” म्हणून त्यांनी सही केली.

दुसऱ्या खेपेला माझा नंबर नववा. डॉक्टरांनी आधी प्रेशर तपासलं, मग पत्र मोठ्याने वाचलं. पडद्याअलीकडे कमरेत इंजेक्शन घेऊन बसलेली एक मासेविक्रेती ऐकत होती. ती मध्येच म्हणाली, “म्हंजे डाक्टर म्हातारं झालं म्हनून नको. आसाच ना गो?”

“असंच,” मी म्हटलं. एवढं सोपं मला दोन दिवसांत सुचलं नव्हतं.

मला वाटलं, डॉक्टर हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी कंपाउंडर बाईंकडे विम्याची फाईल मागितली आणि तिच्यातला एक कागद माझ्यासमोर ठेवला. ते त्यांनीच आमच्या शाखेला लिहिलेलं पत्र होतं, तीन महिन्यांपूर्वीचं. ‘वय झालं. पावसाळ्याआधी दवाखाना बंद करीत आहे. पॉलिसी थांबवावी.’ खाली आमच्या शाखेचा शिक्का आणि शिक्क्यात आवक-कारकुनाची सही. सही माझी होती.

मग मला आठवलं. पत्र ठरलेल्या छापील नमुन्यात नव्हतं, म्हणून मी त्यावर ‘विहित नमुन्यात नाही’ असा शेरा मारून ते शंकांच्या फायलीत लावलं होतं. शंका कोणाला कळवायची असते, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

“उत्तर आलं नाही,” डॉक्टर हळूच म्हणाले, “म्हणून मला वाटलं, कंपनीला मी अजून हवाय. बंद करायचं पुढे ढकललं मी.”

मी सही न घेताच परत आले.

हे ऐकून साहेब खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. डॉक्टरांचं पत्र नोटीस म्हणून धरलं, तर महिन्याच्या मुदतीने पॉलिसी कधीचीच संपलेली आणि विमा नसताना ते दोन महिने पेशंट तपासत होते, तेही आमच्या चुकीने. ते धरलं नाही, तर आमची नोटीस पोचल्याचा पुरावा नाही आणि चार दिवस तर संपले. साहेबांनी वरच्या कार्यालयाला लांबलचक मेल केला. उत्तर आलं, ‘नियमानुसार योग्य ती कार्यवाही करावी.’ साहेबांनी ते मला तीनदा वाचायला लावलं. प्रत्येक वेळी तेवढंच निघालं.

इकडे डॉक्टरांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपली पॉलिसी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. तिच्यात बारीक अक्षरात असं होतं, की पॉलिसी बंद झाली की आधीच्या उपचारांबद्दल नंतर आलेला दावाही कंपनी घेणार नाही. त्यासाठी वेगळं संरक्षण वेळेत मागून घ्यावं लागतं. म्हणजे दवाखाना बंद केला तरी उभ्या जन्माची कामं विम्याविना उघडी पडणार.

आठवड्याने गोळ्या संपल्या म्हणून मी गेले, तर दारात बाई जाडजूड वही घेऊन उभ्या. आत जाणाऱ्या प्रत्येकाची ‘तपासणीस संमती आहे’ याखाली सही घेत होत्या. एक म्हातारी भांडायला उठली होती.

“जीभ दाखवायला आंगठा? माजी तिन्ही बाळंतपणं ह्यानी केली, तवा नाय मागलान तो!”

डॉक्टर आतून ऐकत होते. मला तपासताना त्यांचा हात नेहमीसारखा सहज नव्हता. “रात्री यादी करतो गो,” ते म्हणाले. “कोणाचं काय राहिलं असेल, कोण कोर्टात जाईल. ज्यांच्या घरी जेवलो, त्यांचीच नावं येतात यादीत.” मला आमच्या त्या पत्राची लाज वाटली. ते मी लिहिलं नव्हतं, पण पोचवलं मीच होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ती वही बंद केली. बाई सांगत होत्या, पेशंट तक्रार करत नव्हते, डॉक्टरांनाच कोणाच्या डोळ्यांत बघवेना.

पॉलिसीच्या मुदतीचा शेवटचा दिवस आला. संध्याकाळी माझ्या संगणकावर एक ओळ उमटली. डॉक्टरांचा हप्ता बँकेतून आपोआप कापला गेला होता आणि पॉलिसीचं नूतनीकरण झालं होतं, आणखी एका वर्षासाठी. डॉक्टरांना ती नको होती. कंपनीलाही नको होती. पण दोघांच्या नोटिसा आमच्या टेबलावर अडकल्या होत्या आणि यंत्राला त्यांच्याशी देणंघेणं नव्हतं.

साहेबांनी पेढे आणवले. “प्रश्न सुटला, मॅडम,” म्हणाले.

डॉक्टर ते वर्षभर फक्त सकाळी बसले. पुढच्या उन्हाळ्यात छापील नमुना मी स्वतः त्यांच्या घरी नेला, एकेक रकाना त्यांना वाचून दाखवून भरला. मागच्या कामांसाठीच्या संरक्षणाचा अर्जही सोबत जोडला आणि दोन्हींची पोचपावती त्याच दुपारी त्यांच्या हातात दिली. दवाखाना बंद झाला. बाई लेकीकडे आंजर्ल्याला गेल्या.

आता डॉक्टर संध्याकाळी घराच्या पडवीत बसतात. बंदरावरून परतणारी माणसं ‘सहज’ टेकतात, सहज गुडघा पुढे करतात, सहज खोकून दाखवतात, आणि डॉक्टर सहजच औषध सांगतात. जाताना कोणी दोन बांगडे ठेवून जातं. घरातल्या या सल्ल्याला विमा लागतो का, म्हणून मी एकदा साहेबांना विचारलं.

त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, हा प्रश्न तोंडीच राहू द्या.”