नऊ नंबरची जर्सी

लेकीने शाळेतून सॉफ्टबॉलची जर्सी आणली. आधीच्या मुलींनी वापरलेली, पाठीवर नऊ आकडा. सिंगापुरात यिशुनच्या आमच्या फ्लॅटमध्ये तिने ती झटकली, डांबरगोळ्यांचा वास आला आणि मी थेट जळगावच्या कॉलेजच्या मैदानावर पोचले.

तिथेही मोसम संपला की जर्सी धुऊन परत द्यायची. मला नऊ नंबर मिळाला त्या दुपारी सीनियर मुली लिंबाखाली वाद घालत होत्या, आजवरची सगळ्यात भारी नऊ नंबर कोण.

"सुनंदाताई. अंग झोकून कॅच घ्यायची. खांद्यावरचं हे रफू तिचंच."

"छे, रेहाना. तिच्या हातून चेंडू कधी सुटलाच नाही."

त्या ढगळ जर्सीत मी शेजारीच बसले होते. माझ्याकडे कोणी बघतसुद्धा नाही, याचा राग आला होता. आज वाटतं, त्या मला ऐकवायलाच भांडत होत्या.

लेकीला दोघींची नावं सांगितली.

"देन यू लेह, आई?" मग तू कितवी, असं तिने तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं.

"मी तिसरी."

तिच्या जर्सीची बाही उसवली होती. मी सुईत दोरा ओवला आणि सुई तिच्याच हातात दिली.