मास्तरांच्या कानातला फाया

ती घटना आजही आठवते, आणि डोक्याआधी नाकाला आठवते. माझं नाक म्हणजे पोलीस खात्याची शान. हैदराबादेत कोठीच्या चौकात उभा राहून बरकतपुऱ्यात कोणाच्या घरी बगारा बैंगन शिजतंय ते सांगायचो. खोटं वाटत असेल तर वाटू द्या.

आंध्रात तेव्हा दारूबंदी होती. बाजार जगाला खुला झालेला, शिकलेली पोरं परदेशी चाललेली, आणि आम्ही इकडे बाटल्या हुडकत फिरत होतो. एका सकाळी ठाण्यात एक पालक आले. नारायणगुड्यात दर रविवारी मुलांना मराठी शिकवणारे एक निवृत्त मास्तर दारूच्या वासानं घमघमतात, अशी त्यांची खबर. "गुन्हा निघाला तर वर्ग बंद करू, साहेब. लेकरांचा प्रश्न आहे."

दोन पंच घेऊन आम्ही बरकतपुऱ्यातल्या मास्तरांच्या खोलीवर गेलो. पलंग एक, ताट एक, पेला एक. कपाटात उंच, निमुळती हिरवी बाटली, अर्धी भरलेली. हवालदार लेबलाशी झटत होता. "गेवुर्झ... गेवुर्झट्रामिनर. साब, ये नाम है की गाली जी?"

"पांढरी वाइन आहे," मास्तर म्हणाले. "मुलानं पाठवली, फ्रान्समधल्या अल्सासहून. तिथं नोकरीला आहे तो."

"कधीपासून पिता?"

"पीत नाही."

"मग अर्धी कुठं गेली?"

माझ्यापुढे भलेभले दरोडेखोर चहा यायच्या आत कबुली द्यायचे. हा शिडशिडीत म्हातारा तासभर खिडकीकडे बघत बसला. एकदाच म्हणाला, "रविवारचा वर्ग तेवढा काढून घेऊ नका. बाकीचे सहा दिवस मी कुणाशी बोलत नाही."

तेव्हा त्यांनी मान वळवली आणि मला कानात कापूस दिसला. अत्तराचा फाया कानात ठेवणारे आमच्या हैदराबादेत हजारो. "मास्तर, तो फाया काढा."

त्यांनी तो काढला आणि उशीखालचं पत्रही पुढे केलं. मुलानं लिहिलं होतं : डोंगराच्या पायथ्याशी द्राक्षांचे मळे आहेत. लोक दुकानात फ्रेंच बोलतात, घरात म्हातारी माणसं वेगळंच काहीतरी, अगदी आपल्या बरकतपुऱ्यासारखं. या वाइनला गुलाबाचा वास येतो, बाबा. मी राहतो ते गाव असंच वासाचं आहे.

पत्र दीड वर्षापूर्वीचं होतं. त्यानंतरचं एकही नव्हतं.

"रोज एक फाया यात बुडवतो," मास्तर म्हणाले. "तेवढंच त्याच्या गावी जाऊन येतो. गुलाब येतो ना?"

मी बूच काढून हुंगलं. कधीची उघडलेली वाइन ती, आंबट ढाण सिरका, म्हणजे व्हिनेगर, झालेला! डोळ्यांत पाणी आलं. सिरक्यानंच, असं मी हवालदाराला सांगितलं.

पंचांना व्हरांड्यात नेऊन हुंगवलं आणि पंचनामा लिहिला : 'अर्धी बाटली सिरका. मद्य आढळले नाही.' सिरका बाळगायला बंदी नव्हती. तोच कागद पालकांना वाचून दाखवला. वासाचा उलगडा झाला, वर्ग चालू राहिला.

एकटा माणूस आरोपीसारखाच दिसतो, हे मला तिथं कळलं. दार लावून घेतो, हळू बोलतो, साध्या प्रश्नालाही बिचकतो. पुढे कुठल्याही घरझडतीत मी आधी ताटं मोजू लागलो.

थापा मी आयुष्यभर मारल्या, या पानावरही दोनचार असतील. पण त्या प्रकरणात कागदावर अक्षरन् अक्षर खरं लिहिलं. मास्तरांशी खोटं बोललो ते एकदाच, बाटली त्यांच्या हातात परत देताना.

"येतो ना, मास्तर. गुलाबच येतो."