आत्तींच्या पाटल्या आणि माझी सुरी-फळी

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ एवढी पक्की आठवते, कारण कुकरची तिसरी शिट्टी आणि माझी किंकाळी एकदमच निघाली. मागं वळून बघते तर आमची दोन वर्षांची आर्वी स्टुलावर चढून ओट्यापाशी उभी! हातात सुरी! आणि साधीसुधी नव्हे, मटणाची! वर मलाच विचारते, "आई, मी कापू?"

तिथनं सगळं सुरू झालं. शेवटी माझी जी शोभा झाली ती आमच्या अख्ख्या गडमुडशिंगी गावाला ठाऊक आहे, मग तुमच्यापासनं कशाला लपवू? ऐका. फक्त चहाचा घोट आधी गिळा आणि मग हसा.

तर मी जरा काळजी करणारी बाई आहे. जरा म्हणजे… टेबलाच्या चारी कोपऱ्यांना मी जुन्या पायमोज्यांचे गोळे बांधलेत. आर्वी शिंकली की मी थर्मामीटर झटकते. त्या दिवशी तर घरातल्या सगळ्या सुऱ्या उचलल्या आणि दिसेल तिथं लपवल्या. दोन दिवसांनी माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्तींना, ज्वारीच्या पिठात एक सापडली.

"अगं अश्वे, पिठात सुरी? भाकरी थापायची हाय का कापायची?"

"आर्वीच्या हाताला लागंल म्हणून ठेवली, आत्ती."

"मी चार पोरं विळीच्या भवतीनं वाढवली. एकाचं बी बोट कमी न्हाय. ये, मोजून बघ."

मी सुरी झटकली आणि तांदळाच्या डब्यात खुपसली.

मग मला मोबाईलवर एक व्हिडिओ दिसला. लाकडाची फळी, आत लोहचुंबक. भिंतीला उंच ठोकायची, सुरी नुसती जवळ न्यायची, टक्! चिकटली! लेकराचा हात काही पोचत नाही. मी म्हटलं, हेच पाहिजे.

आमचे हे फौंड्रीत कामाला आहेत. येताना शाहूपुरीच्या बाजारातनं रुपयाएवढे गोल बारा चुंबक घेऊन आले. एवढे जोरदार, की दोन जवळ आणले तर मधे सापडलेलं बोट चिमटून निघायचं. गल्लीतल्या बाबू सुतारांकडं दाराच्या चौकटीचा उरलेला सागवानी तुकडा होता. त्यांनी पाठीमागनं बारा भोकं पाडली. आरपार नाही हं! पुढच्या बाजूला नखाएवढं लाकूड राखलं. मी एकेका भोकात गोंद घालून चुंबक बसवले, मागनं प्लायवूड चिकटवलं, पॉलिशपेपरनं घासून घासून फळी आरशासारखी केली आणि वरनं खोबरेल तेल चोळलं.

"वैनी, पोरीचं तोंड तरी एवढं घासता का?" बाबू सुतार म्हणाले.

रविवारी ह्यांनी फळी भिंतीला ठोकली. सुरी टक्! कात्री टक्! बटाट्याचं सोलाणं टक्! मला एवढा आनंद झाला, की मी हाका मारून गल्लीतल्या पाच बायका बोलावल्या. शेजारच्या मंगलकाकी तर सगळ्यांच्या पुढं. घरात काही नवीन आलं की त्यांना आमच्या आधी कळतं.

"आत्ती, तुम्ही बी एक लावा की," मी म्हटलं.

आत्ती नको नको म्हणत उठल्या, मटणाची सुरी घेतली आणि हात वर केला. सुरी चिकटली, टक्. आणि पाठोपाठ मनगटच चिकटलं, टक्! पाटल्या, हिरव्या बांगड्या, सगळं खळ्ळकन फळीला!

"अगं, हात सोडंना की ही!"

शहाण्या माणसानं काय केलं असतं? हसला असता, हात सोडवला असता. पण मी पडले शिकलेली! सातवीपर्यंत का असेना, लोहचुंबकाचा धडा माझा तोंडपाठ. लोखंड चिकटतं, सोनं चिकटत नाही. माझ्या तोंडातनं निघूनच गेलं,

"अगंबाई! आत्ती, तुमच्या पाटल्या खोट्या!"

पाचही बायकांचे हात आपापल्या गळ्याकडं गेले. तुम्ही कधी असं बघितलंय?

मंगलकाकींनी पहिलं काय केलं असेल? स्वतःचं मंगळसूत्र फळीला लावून बघितलं. चिकटलं नाही. मग बाकीच्या चौघींनी रांग लावली. कुणाची बोरमाळ, कुणाची कर्णफुलं, एकेक करून सगळ्या पास! आत्तींचा हात मात्र तीनदा नेला आणि तीनदा टक्. काढून बघावं म्हणाल, तर वीस वर्षांत त्या पाटल्या मनगटावरनं उतरलेल्या नाहीत. साबण लावला तरी हलत नाहीत.

आत्ती मटकन खाली बसल्या.

"माझ्या बानं दुभत्या दोन म्हशी इकून केलत्या गं ह्या. वाडीला नेऊन दत्ताच्या पायाला लावल्या आन् मग माझ्या हातात घातल्या. बा फसवंल व्हय मला?"

"बानं न्हाय, सोनारानं फसवलं असंल," मंगलकाकी म्हणाल्या आणि लगबगीनं निघाल्या. कुठं, ते सांगायला नको.

आत्ती त्या दिवशी जेवल्या नाहीत. तीस वर्षांमागं गेलेल्या बापाला मनातल्या मनात विचारत बसल्या असतील. आर्वी मांडीवर जाऊन बसली तरी हात तिच्या डोक्यावर फिरेना. 

दिवेलागणीला नृसिंहवाडीहून फोन! आत्तींचे थोरले भाऊ, आमचे मामा. बातमी तिथवर पोचलीसुद्धा!

"अश्विनी, माझ्या बाला खोटा म्हणणारी तू कोण गं? उद्या गुजरीत, सोनारांच्या गल्लीत ये. कसाला लावू."

दुसऱ्या दिवशी आत्ती, मी, कडेवर आर्वी आणि पिशवीत फळी. हो, भिंतीवरनं काढून घेतली! पुरावा नको? सोनाराच्या दुकानात मामा आधीच फेटा बांधून बसलेले. माझ्याकडं बघितलं आणि फेटा नीट केला.

सोनारकाका म्हातारे, शांत. आत्तींचा हात धरून पाटली कसोटीच्या दगडावर घासली, थेंब टाकला, भिंगातनं बघितलं.

"बावनकशी हाय. असं सोनं आता बघाय मिळत न्हाय."

"पण काका, चुंबकाला चिकटतंय!" मी पिशवीतनं फळी काढली. आत्तींचा हात जवळ नेला. टक्! आणि काकांचा किल्ल्यांचा जुडगा गल्ल्यावरनं उडून टक्!

काकांनी आधी किल्ल्या सोडवल्या. मग म्हणाले, "पावणं, हात जरा उताणा करा."

आत्तींनी केला. काकांनी हिरव्या बांगड्या एकेक करून बाजूला सारल्या. आणि पाटलीला लागून असलेल्या बांगडीतनं काय काढलं? सेफ्टी पिन. एक. मग दुसरी. तिसरी. एकूण सात!

"ह्या कुणी अडकवल्या?"

"मी न्हाय बाई," आत्ती म्हणाल्या.

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी आर्वीकडं बघितलं. आर्वी कुणाकडं बघणार?

आणि मला आठवलं! फळी लावायच्या आदल्या दिवशी दुपारी आर्वी जमिनीवरची पिन तोंडात घालायला निघालेली. मी घाबरून घरातल्या सगळ्या पिना गोळा केल्या. लेकराच्या हाती लागणार नाही अशी जागा कुठली? आत्ती झोपल्या होत्या. त्यांचा चुडा कधी निघत नाही. दिल्या अडकवून आतल्या बाजूला, मनगटाखाली! आणि तेवढ्यात दूध उतू गेलं आणि मी विसरले. विसरले ते विसरलेच.

सांगितलं सगळं. काय करणार?

आत्ती एकदम हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसत म्हणाल्या, "दादा, बा खराच हुता बघ!" मामांनी पाटल्यांना हात लावून नमस्कार केला. मग मात्र माझ्याकडं वळून म्हणाले,

"जेवढ्या तोंडांनी हे गेलंय ना, तेवढ्या तोंडांनी माघारी आलं पायजे."

तेव्हापासनं मी सांगत फिरतेय. डेअरीवर सांगितलं, अंगणवाडीत सांगितलं, बसमध्ये अनोळखी बाईला सांगितलं, ती पुढच्याच स्टॉपला उतरली. खोटी बातमी एका दुपारी वाडीला पोचली, खरी अजून आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर आहे. मंगलकाकींना सांगायला गेले तर म्हणतात, "बघू, वेळ मिळाला की सांगू."

फळी परत भिंतीला लागली आहे. परवा पावण्यांसमोर आत्ती म्हणाल्या, "समदं चिकटतंय हिला. आमच्या सुनंचं डोस्कं तेवढं लावून बघितलं, न्हाय चिकटलं. आत काय असंल तर चिकटंल की!"

तर हात जोडून सांगते. तुमचं कुणी गडमुडशिंगीत असेल, वाडीला असेल, कुठंही असेल, त्यांना कळवा: आत्तींच्या पाटल्या अस्सल, त्यांचे वडील अस्सल. सुनेच्या डोक्याचंही सांगितलंत तरी चालेल. पण आधी पाटल्यांचं सांगा.